जहाजाची डावी नाकपुडी

मी नेमकं काय काम करतो, हे आमच्या घरात कुणालाच कधी धड सांगता आलं नाही. जहाजाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं, तुम्ही पाहिलं असेल. त्यातून साखळी बाहेर येते आणि साखळीच्या टोकाला नांगर असतो. डेकपासून त्या भोकापर्यंत एक जाड लोखंडी नळी तिरकी उतरते, तिला हॉजपाइप म्हणतात. नांगर टाकला की साखळी या नळीतून खडखडत खाली धावते, आणि वर घेतला की नांगराचा दांडा याच नळीत शिरून गप्प बसतो. ती नळी, तिचे वरचे आणि खालचे गोलसर ओठ, डेकवर साखळीला वाट दाखवणारा रूळ, एवढं बसवून देणं माझ्याकडे असतं. जहाज कितीही मोठं असो, माझा संबंध त्याच्या दोन भोकांशी.

बायकोने यावर एक सोपा तोडगा काढला होता. कुणी विचारलं की ती सांगायची, "हे जहाजाच्या नाकपुड्या बसवतात." गोदीतही तेच. समोर मला सगळे मास्तर म्हणत आणि पाठ वळली की नाकमास्तर. सुरुवातीला मला राग यायचा. पुढे पुढे मीच ओळख करून देताना ते वापरायला लागलो, कारण हॉजपाइप म्हटलं की लोक घड्याळ बघत आणि नाकपुडी म्हटलं की निदान हसत.

एकदा हसले की मी त्यांना सोडत नसे. हा माझा स्वभाव. बारशापासून तेराव्यापर्यंत कुठल्याही घरी मला एक माणूस कोपऱ्यात सापडतोच, ज्याला नांगराबद्दल काहीही माहीत नसतं आणि काही जाणून घ्यायचंही नसतं.

त्या रविवारी असा माणूस म्हणून मला माझी होणारी विहीण सापडली.

आमची मुलगी दातांची डॉक्टर. तिने आपलं आपण जमवलं होतं. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. त्याचे वडील कामासाठी परगावी असत, त्यामुळे पहिल्या भेटीला तो आणि त्याची आई, दोघंच आली. मुलीने आधी सांगून ठेवलं होतं, "बाबा, त्याची आई सर्व्हेअर आहे. जरा बेतानं बोल." सर्व्हेअर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तिपाई, दुर्बीण आणि शेताच्या बांधावर उभे असलेले दोन भाऊ आले.

"तुमचं काम म्हणजे उन्हातान्हात फिरणं असेल?" मी चहा देताना सहानुभूतीने विचारलं.

"फिरावं लागतं," त्या म्हणाल्या. शांत, सडपातळ बाई. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बिस्किट मोडताना खाली कण सांडू नयेत म्हणून बशी पुढे धरणारी.

"आमचं बरं आहे. आम्हाला जमिनीशी घेणं नाही," मी म्हणालो आणि सुरू झालो.

पुढचा तास मी काय केलं, ते मुलगी अजूनही मिटल्या डोळ्यांनी सांगते. मी टेबलावरची किटली ओढली. किटली म्हणजे जहाज, तोटी म्हणजे हॉजपाइप. साखळी हवी म्हणून बायकोच्या गळ्यातली मोत्यांची माळ मागून घेतली. ती देत नव्हती, पण पाहुण्यांसमोर नाही म्हणता येईना. माळ मी झाकणातून आत सोडून तोटीतून बाहेर काढणार होतो. ती अर्ध्यावर जाऊन अडकली. ना पुढे येई, ना मागे. चहाही तोटीतून यायचा बंद झाला. "अशी अडकू नये, म्हणूनच तर आमच्यासारखे लोक लागतात," असं म्हणून मी वेळ मारून नेली.

विहीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकलं. शेवटी एकच विचारलं, "साखळी खालच्या ओठावर वळते, तिथे गोलाई किती ठेवता?"

"वा!" मी मुलीकडे बघून म्हणालो. "प्रश्न बघ. सामान्य माणसाला हे सुचत नाही." मग विहीणबाईंकडे वळलो, "त्याचं काय आहे, कागदावर आकडे असतात. पण खरं ते हाताला कळतं. इतक्या वर्षांत हात तयार होतो."

"हं," त्या म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर मी खूश होतो. "बाई हुशार आहे," मी बायकोला म्हणालो. "शिकवलं तर चटकन उचलेल." बायको पक्कड घेऊन किटलीशी झगडत होती. 

तेव्हा आमच्याकडे एक छोटं मालवाहू जहाज शेवटच्या टप्प्यात होतं. पाण्यात उतरवून धक्क्याला बांधलेलं, रंगाचा शेवटचा हात बाकी. त्या आठवड्यात नांगराची चाचणी होती. चाचणीला जहाज पास करणाऱ्या संस्थेचा माणूस लागतो. आमचे जुने साहेब फार चांगले होते. त्यांचे गुडघे दुखत, त्यामुळे ते धक्क्यावर खुर्ची टाकून बसत आणि नांगर वर आल्याचा आवाज झाला की मान डोलवत. ते निवृत्त झाले होते आणि नवीन कुणीतरी येणार होतं.

सोमवारी मी डेकवर उभा होतो. शिडीवरून आधी एक पिवळं हेल्मेट वर आलं. मग दोरीने गळ्यात अडकवलेला चष्मा. मग बॉयलर सूट घातलेल्या विहीणबाई.

"नमस्कार मास्तर," त्या म्हणाल्या.

माझ्या जिभेला कुणीतरी टाका घातल्यासारखं झालं. "तुम्ही... जमिनी..."

"जमिनी मोजतात ते वेगळे सर्व्हेअर."

"पण काल तुम्ही काहीच बोलला नाहीत!"

"मुलाने निघतानाच बजावलं होतं, तिथे जाऊन तपासणी करू नकोस म्हणून." त्यांनी हातमोजे चढवले. "इथे त्याने काही बजावलेलं नाही. सुरू करू या?"

साखळी ओढायच्या विंचवर आमचा डेकचा मुकादम होता. कमी बोलणारा माणूस, पण त्याच्या खोकण्यात पुष्कळ काही असतं. त्याने ब्रेक सोडला. डावा नांगर धाडकन पाण्यात गेला, साखळी गंजाची धूळ उडवत धावली. इथवर झकास. मी विहीणबाईंकडे अशा नजरेने बघितलं, की बघा, किटलीत हे दाखवता येत नाही. मग मुकादमाने नांगर वर घेतला. पाणी गाळत नांगर आला, त्याचा दांडा नळीत शिरला, आणि अर्ध्यावर थांबला. पंजे जहाजाच्या अंगाला टेकायला हवे होते. ते हवेत वाकडे लटकत राहिले. मुकादमाने पुन्हा सोडून पुन्हा ओढला. पुन्हा तेच.

विहीणबाई जहाजाच्या बाहेर टांगलेल्या परांचीवर उतरल्या, बाहेरून नळीत खांद्यापर्यंत हात घातला आणि बराच वेळ चाचपत राहिल्या. वर येऊन म्हणाल्या, "खालच्या ओठाच्या आत कड लागतेय. घासून घ्यावी लागेल."

"ओठावर मी स्वतः हात फिरवलाय," मी म्हणालो. "लोण्यासारखा आहे."

"मग नांगर का बसत नाही?"

खरं तर मला माहीत नव्हतं. पण मला माहीत नाही असं म्हणायची मला सवय नाही. "नवा आहे," मी म्हणालो. "रुळेल."

"नांगर?"

"हो."

मुकादम खोकला.

विहीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "नांगर सोडवून धक्क्यावर ठेवा, साखळी आत घ्या आणि नळी मोकळी करा," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी आत कॅमेरा घालून बघू."

कॅमेरा! हा शब्द मला रात्रभर टोचत राहिला. ज्या नळ्यांमधून मी तरुणपणी स्वतः घसरत जाऊन हाताने सांधे तपासले, तिथे आता कॅमेरा जाणार. म्हणजे माझ्या हाताची किंमत एका दिव्याएवढी. आणि वर त्यात खरंच काही दिसलं तर? मुलीच्या होणाऱ्या सासूसमोर? सकाळी दाढी करताना मी ठरवून टाकलं, त्या यायच्या आत आपणच आत जाऊन बघायचं. कड असली तर गुपचूप घासून घ्यायची. नसली तर मग बघतोच.

नळी मोकळी झाली तेव्हा बाकी सगळे जेवायला निघायच्या बेतात होते. मी डेकवरच्या तोंडाशी दोर बांधला.

"मास्तर, परवानगीचा कागद?" मुकादमाने विचारलं. बंद जागेत उतरायला आमच्याकडे परवानगी लागते, कंबरेला पट्टा लागतो, बाहेर एक माणूस लागतो. हे नियम नव्या लोकांना मीच समजावून सांगतो.

"माझ्याच नळीत जायला मला परवानगी? कितीदा गेलोय मी."

"तेव्हाची गोष्ट वेगळी. तेव्हा तुम्ही असे नव्हतात."

"असे म्हणजे कसे?"

मुकादमाने माझ्या पोटाकडे पाहिलं आणि मग सभ्यपणे समुद्राकडे.

त्या नजरेने मला जास्तच चेव आला. बॉयलर सूट घालायचाही मी कंटाळा केला. शर्ट-पँटीतच, बॅटरी दातांत धरून, दोन्ही हातांनी वरचा दोर पकडून, पाय आधी असा मी नळीत उतरलो. सुरुवात छान झाली. पाय गेले, मांड्या गेल्या, कंबर गेली. डोकं डेकच्या खाली गेलं तेव्हा मला पुन्हा पंचविशीत आल्यासारखं वाटलं. ते वाटणं थोडा वेळच टिकलं. मग पोट आडवं आलं.

छोटं जहाज, त्यामुळे नळीही बेताची. पोट आधी शिरलं, मग थोडं सरकलं आणि मग कशावर तरी टेकून बसलं. मी खाली रेटा दिला. काही नाही. हातांनी दोर ओढून वर यायचा प्रयत्न केला. तेही नाही. शर्ट मात्र वर गुंडाळला गेला आणि थंडगार लोखंड थेट अंगाला भिडलं. काहीतरी बोलायला म्हणून तोंड उघडलं, तर बॅटरी निसटली, छातीवर आपटून नळीत अडकली आणि खालून माझ्याच नाकपुड्यांत उजेड पाडत राहिली.

"मुकादम," मी हाक मारली.

"बोला मास्तर."

"कुणाला सांगू नकोस."

"मास्तर," वरून आवाज आला, "तुमचे बूट बाहेर दिसतायत."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. धक्क्यावरून कँटीनकडे जाणारी वाट नेमकी जहाजाच्या डाव्या अंगाने जाते. जेवणाची सुट्टी झालेली. अख्खी गोदी त्या वाटेने निघाली होती, आणि समोर नव्या रंगवलेल्या जहाजाच्या भोकातून तपकिरी बूट घातलेले दोन पाय हलत होते. मला बाहेरचं काही दिसत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. नळीत आवाज फार छान घुमतो. कुणीतरी म्हणालं, "नाकमास्तरांचं जहाज नाकात बोट घालतंय." यावर जो हशा झाला तो मी पोटाच्या कातडीपर्यंत अनुभवला.

परांचीवाला धावून आला. त्याने माझे पाय धरून ओढले. डावा बूट त्याच्या हातात आला, मग उजवा, मग एक मोजा.

तेवढ्यात वरचा उजेड कमी झाला. डेकच्या तोंडातून हेल्मेट घातलेलं डोकं आत डोकावलं होतं.

"मास्तर?"

"नमस्कार," मी म्हणालो.

"आत काय करताय?"

"तपासणी."

"बाहेर कधी येणार?"

"त्याचाच विचार चाललाय."

मग त्यांनी मागे वळून भराभर सूचना दिल्या. विंचची वीज बंद करा, साखळीला दुहेरी अडसर लावा, प्रथमोपचारवाल्याला बोलवा, धक्क्यावरची गर्दी हटवा. गर्दी हटली नाही. त्या मात्र डेकवर पालथ्या पडल्या आणि हात खाली सोडून त्यांनी माझं मनगट पकडलं.

"कुठे अडकलंय?"

"पट्ट्याला मोजायचा टेप आहे," मी म्हणालो. "तो अडकलाय." मला त्या क्षणी ते खरंच वाटत होतं, किंवा वाटून घ्यायचं होतं. "तेवढा निघाला की मी सुटलो. पोटाचा काही संबंध नाही."

त्यांनी परांचीवाल्याला सांगितलं. टेप काढायचा तर हात पोचत नव्हता, म्हणून त्याने आकडा लावून माझ्या पँटीचे पाय धरले आणि जोर लावला. बटण तुटलं, पट्टा सुटला, पँट गेली, टेप गेला. दोन्ही पाण्यात पडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. धक्क्यावर टाळ्या पडल्या.

मी होतो तिथेच होतो.

आता हे सगळं मी हसत सांगतो. पण टाळ्या थांबल्यावर मला जे झालं, त्याला हसण्यासारखं काही नव्हतं. श्वास पुरा आत घेता येईना. आत घेतला की लोखंड जास्त आवळे, आणि सोडला की मी केसभर खाली सरकून अजून घट्ट बसे. हातांना मुंग्या आल्या. डोक्यावरचं गोल आकाश मला एकदम फार लांब वाटायला लागलं. मी बोलायचा थांबलो. हे माझ्या बाबतीत किती गंभीर, ते विहीणबाईंना एका तासाच्या ओळखीतही कळलं असावं.

"मास्तर, गप्प बसू नका," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे बघा. पोटाला नेमकं काय लागतंय, सांगा."

मी उत्तर दिलं नाही. कारण काय लागतंय, ते मला चांगलं कळलं होतं. अडकल्या क्षणापासून कळलं होतं. इतक्या वर्षांत हात तयार होतो म्हणून मी ज्या हाताच्या गप्पा मारल्या, त्याला जे सापडलं नव्हतं, ते पोटाला बरोबर सापडलं होतं.

"मास्तर."

"कड आहे," मी म्हणालो.

"कुठे? खालच्या ओठाशी?"

"नाही. मध्ये. नळीच्या दोन तुकड्यांचा सांधा आहे ना, तिथे. वेल्डिंग आत फुगून आलंय. डाव्या बाजूला जास्त."

मग त्या म्हणाल्या, "म्हणजे माझंही चुकलं. मी खालच्या ओठावर बोट ठेवून मोकळी झाले होते. तुम्ही तो घासून दिला असता आणि नांगर तरीही बसला नसता."

"मी तर कड नाहीच म्हणत होतो," मी म्हणालो. "तुमची फक्त जागा चुकली."

"तुम्ही आता बोलताय तसे बोलत राहा. सांध्याच्या खाली नळी कशी आहे?"

"खाली मोकळी आहे. पाय हलतायत."

"मग वर ओढायचं नाही. खालीच जायचं." त्यांनी मुकादमाला हाक मारली, "कँटीनमधून भांड्यांचा साबण आणा. पातळ. बादलीभर. आणि परांचीला जाळी बांधा."

साबण आला. त्यांनी तो स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यांवरून, छातीवरून ओतला. लिंबाचा वास आलेला आठवतो. डोळे चुरचुरत होते. "आता सगळा श्वास बाहेर सोडा," त्या म्हणाल्या. "पोट आत घ्या. मी सांगितलं की दोर सोडून द्या."

"सोडून देऊ?"

"खाली माणसं आहेत. सोडा."

आयुष्यात मी कुणाच्या सांगण्यावरून काही सोडून दिल्याचं आठवत नाही. पण तेव्हा माझ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता, शब्दशः. मी श्वास सोडला, डोळे मिटले आणि दोर सोडला. पोटावरून कुणी किसणी फिरवावी तसं झालं, आणि पुढच्या क्षणी मी फेसासकट उजेडात होतो. जाळीत आधी बसलो, मग आडवा झालो. अंगावर शर्ट होता, तोही गळ्यापाशी गोळा झालेला, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, जी बायकोने सेलमध्ये आणली होती आणि जी कुणाला दिसणार नाही, असं तिने मला सांगितलं होतं.

धक्क्यावरच्या गर्दीत मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "शिंकलं!"

विहीणबाई शिडीने खाली आल्या, अंगातलं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट काढलं आणि माझ्या कमरेला गुंडाळलं. मग त्यांनी गर्दीकडे वळून एवढंच विचारलं, "कुणाचं जेवण राहिलंय का?" वाट रिकामी झाली.

प्रथमोपचाराच्या खोलीत पोटाला मलम लावून घेत मी पडलो होतो, तेव्हा मुलगी आली. तिला कुणीतरी फोटो पाठवला होता.

"बाबा," ती म्हणाली, "तू जिवंत आहेस म्हणून मी गप्प बसतेय."

बायकोने फोनवर एकच प्रश्न विचारला, "चड्डी कुठली होती?" मी सांगितलं. तिने फोन ठेवून दिला.

मॅनेजरांनी मला केबिनमध्ये उभं करून झापलं, आणि ते बरोबरच होतं. मला डेकवर जायला बंदी झाली आणि सुरक्षेच्या वर्गात नव्या भरतीबरोबर बसवलं. परवानगीशिवाय बंद जागेत का उतरू नये, हे शिकवताना वर्ग घेणारा माझ्याकडे न बघण्याची फार काळजी घेत होता. उदाहरण मात्र माझंच होतं.

या सगळ्याचं मला एवढं काही वाटलं नाही. धाकधूक वेगळीच होती. ज्या बाईने मला चड्डीत, साबणात, खोटं बोलताना आणि रडकुंडीला आलेलं पाहिलं, ती आता आपल्या मुलाला या घरात येऊ देईल का? मुलगी म्हणायची, "तसलं काही नसतं, बाबा." पण ती हे म्हणताना नखं खायची.

पुढच्या रविवारी विहीणबाई आल्या. या वेळी एकट्याच. बायकोने चहा मगमध्येच दिला. मी खुर्चीच्या कडेवर बसून होतो आणि कुठल्याही वस्तूला हात लावत नव्हतो.

त्यांनी मग खाली ठेवला. "मला एक सांगायचंय. मी नीट विचार केला. मी आता यातून बाजूला होतेय."

बायकोचा चेहरा उतरला. मुलगी आतल्या दारात उभी होती, ती तिथेच थिजली. मी उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं, पण तोंड सुरू झालं. "बाई, माझ्यामुळे मुलांना शिक्षा नको. मी बडबड्या आहे, मान्य. मूर्खही आहे, तेही मान्य. पण माझी मुलगी तशी नाही. ती आईवर गेलीय. तुम्ही म्हणाल तर मी लग्नात एक शब्द बोलणार नाही. आलेल्या माणसांना नांगर म्हणजे काय, हेसुद्धा सांगणार नाही."

विहीणबाई गोंधळून माझ्याकडे बघत राहिल्या. "मी जहाजाबद्दल बोलतेय," त्या म्हणाल्या. "आपलं नातं जुळतंय, तर तुमचं काम मी पास करणं बरं दिसत नाही. ऑफिसला कळवलंय. उरलेली तपासणी दुसरे करतील."

मी खाली बसलो. बायको आधी हसली, मग मुलगी, आणि मग त्या दोघी थांबेचनात.

हसू ओसरल्यावर विहीणबाई म्हणाल्या, "खरं सांगू? तुम्ही नळीत उतरलात याचा मला राग आला होता. पण तुम्ही गप्प झालात ना, तेव्हा मी घाबरले. किटली घेऊन तासभर बोललेला माणूस गप्प झाला म्हणजे काहीतरी फार बिघडलंय." त्यांनी चष्मा पुसला. "लग्नात बोला. थोडं."

लग्नाची तारीख त्याच दिवशी ठरली.

दरम्यान गोदीत आम्ही सांधा आतून घासला. मला आत जायला बंदी होती, म्हणून कॅमेरा घातला. पडद्यावर तो कंगोरा उशीसारखा फुगलेला दिसत होता. घासून झाल्यावर नळी आतून चकाकायला लागली, आणि चाचणीपुरती मला डेकवर यायची मुभा मिळाली.

विहीणबाईंच्या जागी आलेले नवे साहेब घाईतले होते. शिडीवरूनच त्यांनी विचारलं, "डावीकडचा प्रॉब्लेम होता ना? सुटला?"

"सुटला," मुकादम म्हणाला.

"मग ठीक. सही कुठे करू?"

खरं तर मी हेच देवाकडे मागायला हवं होतं. जुन्या साहेबांसारखाच माणूस. पण माझ्या तोंडून निघालं, "अहो, हात तरी घाला आत."

"कशाला? तुम्ही बघितलंय ना?"

"मी तर आधीही बघितलं होतं."

साहेब मुकादमाकडे बघायला लागले. मुकादम मुद्दाम खोकला नाही. शेवटी साहेब कुरकुरत परांचीवर उतरले, हात घालून आले, बाहीला लागलेलं ग्रीस बघून त्यांनी मला मनात शिवी दिली असावी. मग नांगर टाकला. वर घेतला. दांडा सरसर आत गेला आणि पंजे जहाजाच्या अंगाला टेकल्याचा जड, दबका आवाज झाला. तो आवाज मी इतकी वर्षं ऐकत आलोय, पण त्या दिवशी एकदा ऐकून भागेना. मी पुन्हा टाकायला लावला. पुन्हा बसला. साहेबांनी सही केली आणि सगळे जेवायला वळले.

मी बाजूला जाऊन विहीणबाईंना फोन लावला. त्या कापडाच्या दुकानात होत्या, मागे माझ्या बायकोचा आवाज येत होता.

"बसला," मी म्हणालो. "दोनदा टाकून बघितला. दोन्ही वेळा बसला."

"छान," त्या म्हणाल्या. "आणि उजवा? त्याचीही नळी त्याच वेल्डरने जोडलीय ना?"

"हो हो," मी म्हणालो. "तोही बघितला. प्रश्नच नाही."

"बरं झालं. ठेवते मग."

मी फोन खिशात टाकला. शिडी उतरायला लागलो. अर्ध्या शिडीवर थांबलो. खाली मुकादम डबा उघडून बसला होता, साहेब गाडीचं दार उघडत होते.

"साहेब," मी वरून ओरडलो, "जरा थांबा! मुकादम, विंच चालू कर. उजवा राहिलाय."

त्या दोघांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती मी कुणालाही समजावून सांगायच्या भानगडीत पडणार नाही.